रसिका तोरसकरची दोन मिनिटं वीस सेकंद

रसिका माझ्या दुकानात सात वर्षं काम करते. दुकान म्हणजे मालवणच्या धक्क्याजवळची दहा बाय बाराची खोली. बाहेर फळ्यावर स्कूबाचे फोटो, आत दोन कॉम्प्युटर आणि कायम ओले असणारे रबरी सूट. माझी बोट पर्यटकांना समुद्रात नेते, आमचा डायव्हर त्यांना खाली नेऊन वर आणतो, आणि पाण्याखाली कॅमेऱ्यात जे काही सापडतं त्याची तीन मिनिटांची फिल्म करून देते रसिका. डोळे मिटून, माझ्या डायव्हरच्या गळ्याला मिठी मारून खाली गेलेला पुण्याचा बँक मॅनेजर तिच्या फिल्ममध्ये समुद्राचा राजा दिसतो. करामत सगळी संगीताची, असं ती म्हणते.

पस्तिशीची असेल. अंगाने किरकोळ, केस क्लिपमध्ये गच्च, बोलणं कमी. तिच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ती काही विसरत नाही. एका गाइडने एकदा तिच्या बापाची नक्कल केली होती, म्हातारा वायोलिन धरताना हात कसा कापतो त्याची. माझ्या दुकानात, चार माणसांत. रसिका त्या वेळी हसली. त्यानंतर चार वर्षं त्या गाइडच्या एकाही गिऱ्हाइकाची फिल्म वेळेवर तयार झाली नाही. कधी कॉम्प्युटर बसला, कधी वीज गेली, कधी फाइलच उघडेना. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळत होतं, पण मी गप्प बसलो, कारण नक्कल मलाही आवडली नव्हती.

तिचे वडील दत्तप्रसाद तोरसकर मूळ इथल्याच, मालवणजवळच्या वायरी गावचे. तरुणपणी मुंबईला गेले आणि तिथे वीसएक वर्षं सिनेमाच्या पार्श्वसंगीतात वायोलिन वाजवलं. गाण्यात नाही, पार्श्वसंगीतात. नायिका जिना उतरते, खलनायक दार उघडतो, आई पत्र वाचते, त्या वेळी मागे जी वायोलिनं उठतात ना, त्या तीस-चाळीस माणसांच्या रांगेत दत्तप्रसाद तिसऱ्या ओळीत बसायचे. पडद्यावर नाव कधी आलं नाही. पुढे एका किबोर्डवरच चाळीस वायोलिनं वाजायला लागली, तशी रांग मोडली आणि ते गावाला परत आले. घरची आठ आंब्याची झाडं, थोडी शेती, आणि संध्याकाळी पडवीत वायोलिन. रसिकाची आई लवकर गेली. बापलेक दोघंच.

माझ्या दुकानात आल्यावर पहिल्या वर्षी रसिका फिल्मला सिनेमाची गाणी लावायची. पर्यटक ती इंटरनेटवर टाकायचे आणि गाणं दुसऱ्याच्या मालकीचं म्हणून आवाज बंद व्हायचा. तक्रारी यायला लागल्या. मग ती म्हणाली, "भाई, मीच करतंय काय ता." घरी एक जुना लॅपटॉप घेऊन बसली आणि स्वतःच शिकली. गिऱ्हाइकाला दोन गोष्टी हव्या असायच्या. सिनेमासारखं भव्य वाटलं पाहिजे, आणि गोव्याच्या क्लबसारखं नाचावंसं वाटलं पाहिजे. रसिकाने दोन्ही एकत्र केलं. खाली क्लबचा ठोका, एकसारखा, छातीत बसणारा. वर बापाचं वायोलिन.

दत्तप्रसादांना पहिल्यांदा तो ठोका ऐकवला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"ह्या काय गो? धक्क्यार खांब ठोकतत तसा वाजता."

"बाबा, तुमी फक्त वाजवा. मी बसवतंय."

"बसवतलंस कसा? माका घड्याळावांगडा वाजवूक येणा नाय. आमची नजर सायबाच्या हातार."

खरंच होतं ते. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला संगीतकाराचा हात आणि पडद्यावरचा सीन बघून वाजवायची त्यांना सवय, घड्याळाबरोबर नाही. जिथे जीव लागेल तिथे सूर लांबायचा. शिवाय म्हातारपणी वायोलिनच्या तारा ते थोड्या सैल ठेवायचे, बोटांना त्रास नको म्हणून. म्हणजे सूरही नेहमीपेक्षा जवळजवळ अर्धा स्वर खाली. रसिका ते मोबाइलवर, खोलीत गोधड्या लावून रेकॉर्ड करायची आणि मग कॉम्प्युटरवर त्याचे बारीक तुकडे करून एकेक तुकडा ठोक्यावर सरकवत बसायची. सूर वर चढवायची. चार मिनिटांच्या एका ट्रॅकला दीडशे-दोनशे तुकडे. दीड वर्षात असे पाच ट्रॅक झाले. ऐकणाऱ्याला वाटावं, एखादा मोठा सिनेमा चाललाय आणि त्यातली माणसं अचानक नाचायला लागलीत. बापाच्या त्या शेऱ्यावरूनच तिने नाव दिलं, 'धक्का'.

इथे सर्वेश येतो. सर्वेश हा रसिकाचा आतेभाऊ, दत्तप्रसादांची धाकटी बहीण सावित्री हिचा मुलगा. देखणा, बोलायला गोड. गोव्यात कळंगुटकडच्या क्लबांत डीजे म्हणून वाजवायचा. त्याला मशीन लावता येतं, लोकांना नाचवता येतं, ते मी नाकारणार नाही. पण स्वतः एक सूर त्याने कधी जन्माला घातला नाही. 'धक्का' ऐकून तो वेडाच झाला. ठोका कुठे जड हवा, कुठे हलका, हे त्याने सांगितलं, आणि रसिकाने त्यातलं बरंच ऐकलंही. त्याचा वाटा नव्हता असं ती आजही म्हणत नाही.

मग दत्तप्रसादांची छाती बिघडली. दोन महिने रसिका त्यांना घेऊन गोव्याच्या हॉस्पिटलात होती. सर्वेश डबा घेऊन यायचा. एकदा म्हणाला, "गो, तयार झालेले पाचय ट्रॅक माका धाड. मी शेवटचो हात फिरवन घेतंय आणि बाहेर काढतंय. मामाक जिताजी ऐकूक मिळात." रसिकाने त्याच दिवशी धाडले. तिच्या जागी मीही धाडले असते.

फेब्रुवारीत दत्तप्रसाद गेले. तेराव्याला सर्वेश पंगतीत वाढत होता, डोळे लाल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवल्याचं आठवतं.

महिन्याभराने रसिका पुन्हा दुकानात आली. पहिली फिल्म केली ती नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंची, आणि खाली लावला बापाचा सगळ्यात आवडता ट्रॅक. बाईंनी खुशीत ती इंटरनेटवर टाकली. तासाभरात त्या परत आल्या, हातात मोबाइल. "अहो, आवाज बंद झालाय. दुसऱ्याचं गाणं चोरलंय म्हणतात." रसिकाने मोबाइल हातात घेतला. त्यावर लिहिलेलं होतं की या व्हिडिओतलं संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे, आणि खाली मालकाचं नाव. सर्वेशचं. एकट्याचं.

मी तिच्या मागेच उभा होतो. तिने ते तीनदा वाचलं. मग शोधून काढलं. पाचही ट्रॅक तेराव्याच्या दिवशीच बाहेर आले होते. आम्ही पंगतीत भात खात होतो तेव्हा. लाखाच्या वर लोकांनी ऐकले होते. वायोलिनच्या पुढे कोणाचंही नाव नव्हतं. 'जुन्या सिनेमाच्या धर्तीवर' एवढंच लिहिलं होतं.

तिने तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मला साक्षीदार ठेवायचं होतं बहुतेक.

"सर्वेश, ट्रॅकार नाव कोणाचा आसा?"

"प्रोजेक्टाचा गो. धक्का."

"मालक म्हणान कोण आसा?"

"ता तसा लावूचा लागता. एक नाव लागता. मी लावलंय. घरातल्या घरात काय फरक पडता?"

"बाबांचा नाव खंय आसा?"

तो म्हणाला, "मामाच्या वायोलिनाक वीस वर्षां कोणी विचारूक नाय. मी ता लोकांच्या कानार घातलंय. आणि तू काय स्टेजार उभी रवतलंस? तुका कोण बघूक येतलो? उगाच रडू नको."

रसिका रडत नव्हती. "बरा," म्हणाली आणि फोन ठेवला. नागपूरच्या बाईंची माफी मागून त्यांच्या फिल्मला दुसरं संगीत लावून दिलं.

मी म्हटलं, "गो, वकिलाक विचारूया." तिने मान हलवली. "वकील नाव बदलून देतलो, भाई. माका नाव नंतर होया. आधी तेका कळाक होया."

पुढचे नऊ महिने तिने काही केलं नाही. मला वाटलं, थंडावली. गणपतीत सावित्री आत्याच्या घरी गेली, सर्वेशच्या ताटात स्वतः खतखतं वाढलं, त्याने सांगितलेल्या गोव्याच्या गमती ऐकल्या. आत्येला यातलं काही माहीत नव्हतं. भावाच्या वायोलिनचं गाणं मुलाने जगभर नेलं म्हणून ती वाडीभर सांगत फिरायची. सर्वेशला वाटलं, रसिका समजूतदार आहे. मलाही आता वाटतं की ती इतकी गोड कधीच नव्हती, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

डिसेंबरात मालवणला किनाऱ्यावर पर्यटन महोत्सव ठरला. कार्यक्रम ठरवणारी अक्षया म्हणून कुडाळची मुलगी होती. तिने शेवटच्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी सर्वेशला बोलावलं, 'आपल्या मातीतला कलाकार' म्हणून. पण तिची अट होती. तयार गाणं नुसतं लावायचं नाही, प्रत्येक वाद्य वेगळं वाजवत, कमीजास्त करत लोकांसमोर उभं करायचं, आणि मागे मोठ्या पडद्यावर समुद्राची दृश्यं. त्यासाठी प्रत्येक वाद्याची सुटी फाइल लागते. ठोका वेगळा, बास वेगळा, वायोलिन वेगळं. सर्वेशकडे होती ती फक्त एकत्र झालेली गाणी. सुट्या फाइली होत्या रसिकाकडे.

त्याचा फोन आला तेव्हा ती वरणभात खात होती. "गो, माका ते सगळे सुटे होये. गावात पयल्यांदाच वाजवतंय, आपला नाव होतला."

"कधी होये?"

"शुक्रवारपर्यंत."

"देतंय," ती म्हणाली आणि उरलेला भात शांतपणे संपवला.

तीन दिवस ती दुकान बंद झाल्यावरही बसायची. गुरुवारी दुपारी तिने मला हेडफोन दिला. "भाई, ह्या ऐका." बापाचा तोच आवडता ट्रॅक. सुरुवात झकास. ठोका आला, वायोलिन त्यावर अलगद बसलं, अंगावर काटा आला. आणि मग मध्येच काहीतरी निसटलं. वायोलिन ठोक्याच्या मागे पडायला लागलं, सूर खाली घसरला, जिन्यावरून माणूस पाय चुकून उतरावा तसं. पुढे तर ऐकवेना. मी हेडफोन काढला.

"ह्या काय झाला गो?"

"काय होवक नाय. ता बाबांनी वाजवल्यानी तसा आसा. मी बसवूच्या आधीचा." तिचा आवाज अगदी सरळ होता. "पयली दोन मिन्टां वीस सेकंद मी बसवलेली. तेच्या पुढचा कच्चा. तो मेलो आजपर्यंत कधी दोन मिन्टांच्या पुढे ऐकूक नाय. पयला ऐकतलो, खूश होतलो, ठेवतलो."

"आणि ऐकलान तर?"

"तर तो वाचलो."

मग ती आणखी म्हणाली, "घाबरलो काय तो आधी ठोको बंद करतलो. लहानपणापासून बघतंय. आपण चुकलो काय दुसऱ्याक गप्प करता."

त्या फाइलीत पुढे अजून काय होतं ते तिने मला सांगितलं नाही. जे सांगितलं तेवढंही मी सर्वेशला कळवू शकलो असतो. एक फोन पुरला असता. मी केला नाही. तेराव्याच्या पंगतीत त्याच्या पाठीवर ठेवलेला हात मला आठवत होता. मलाही बघायचं होतं.

रविवारी संध्याकाळी किनारा भरून गेला होता. पर्यटक होतेच, पण वायरी, देवबाग, कांदळगाव, सगळीकडची माणसं आली होती. पुढच्या खुर्च्यांत सावित्री आत्या, नवीन जांभळी साडी, केसांत अबोली. रसिका माझ्या शेजारी मागे वाळूत उभी. हातात चणे. सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा सर्वेश स्टेजवर चढला. पडद्यावर लाटा उठल्या. तो माइकवर म्हणाला की हे संगीत त्याच्या रक्तात आहे, आणि दत्तप्रसादांचा तोच आवडता ट्रॅक सुरू केला.

पहिली दोन मिनिटं, मी खोटं सांगणार नाही, सुंदर होती. पोरं नाचायला लागली. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. रसिकाचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

दोन मिनिटं वीस सेकंदांवर वायोलिन मागे पडलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. कोणीतरी हसलं. सर्वेशने मशीनवर वाकून काहीतरी फिरवलं. सूर अजून वेडावाकडा झाला. त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला, आणि रसिकानेही. तो चेहरा बघायला ती नऊ महिने थांबली होती. तिने एक चणा तोंडात टाकला.

आणि त्याने ठोका बंद केला. मग बास बंद केला. अख्ख्या किनाऱ्यावर एकटं वायोलिन उरलं, खरखरणारं, थरथरणारं, खोलीत गोधड्या लावून रेकॉर्ड केलेलं. चार-पाच सेकंद. मग वायोलिन थांबलं, कोणीतरी खोकलं, आणि दोन मजली स्पीकरांतून दत्तप्रसाद तोरसकरांचा आवाज आला.

"चुकलंय गो रसिका. हात कापता. परत घेवया."

त्यामागून रसिकाचा आवाज. "घेवया बाबा. पाणी घेतास?"

मालवणची माणसं त्या आवाजाला ओळखत होती. पुढच्या रांगा एकदम गप्प झाल्या. मागचे पर्यटक शिट्ट्या मारत होते, त्यांना काय माहीत. सर्वेशने शेवटी सगळंच बंद केलं. आणि त्या शांततेत सावित्री आत्याची किंकाळी ऐकू आली.

"दत्तू! दत्तू रे!"

ती उभी राहिली होती आणि इकडेतिकडे बघत होती. भाऊ कुठेतरी गर्दीत असावा तशी. दोन बायकांनी तिला धरलं. मी रसिकाकडे पाहिलं. तिच्या हातातले चणे वाळूत पडले होते.

"आत्या येतली हेचो मी विचारच करूक नाय," ती म्हणाली. एवढंच. तिथून पुढे ती आत्येकडे धावली, पण गर्दीतून पोचेपर्यंत आत्या स्टेजच्या पायऱ्या चढली होती. तिने सर्वेशचा हात मनगटाला धरला.

"ह्यो माझ्या भावाचो आवाज. तुझ्या पेटयेत कसो इलो?"

माइक चालू होता. तो प्रश्न सगळ्या किनाऱ्याने ऐकला, आणि त्याचं उत्तर आलं नाही हेही ऐकलं. लोकांनी मोबाइलवर ट्रॅक शोधून मालकाचं नाव बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मालवणात ज्याला त्याला कळलं होतं की संगीत कोणाचं आणि नाव कोणाचं.

इथे गोष्ट संपली असती तर रसिका जिंकली असं मी म्हटलं असतं. पण कोणीतरी मोबाइलवर ते सगळं घेतलं होतं. दोन दिवसांत तो तुकडा सगळीकडे फिरला. आणि लोक सर्वेशला हसत नव्हते. सर्वेश त्यांना माहीतच नव्हता. ते हसत होते वायोलिनला. 'कोण हा बेसूर म्हातारा?' 'आजोबांना आधी पाणी द्या.' एकाने तर तो खोकला घेऊन त्याच्याखाली ठोका लावला आणि नाचायचं गाणं केलं. हजारांनी ते ऐकलं.

रसिका दुकानात बसून एकेक शेरा वाचायची. मी म्हटलं, "बंद कर ता." ती म्हणाली, "नावां वाचतंय." मला त्या दिवशी तिची भीती वाटली. एका गाइडचा सूड तिने चार वर्षं उगवला होता, आता ही चार हजार माणसं, कुठे नाशिकची, कुठे दुबईची. ती प्रत्येकाचं नाव वाचत होती आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. बापाला नावाशिवाय वापरलं म्हणून ती पेटली होती, आणि आता बाप तिच्याच हाताने उघड्यावर पडला होता. ते तिला कळत होतं. तिसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरवर डोकं टेकून बसली, आणि पहिल्यांदा, हॉस्पिटलात नाही, स्मशानात नाही, माझ्या दुकानात त्या ओल्या सुटांच्या वासात, ती हुंदके देऊन रडली.

चौथ्या दिवशी सकाळी सावित्री आत्या सर्वेशला घेऊन रसिकाच्या वायरीच्या घरी गेली. रसिकाने मला बोलावून घेतलं होतं, म्हणून मी पाहिलं. आत्या ओटीवरही बसली नाही. उभ्याउभ्याच मुलाला म्हणाली, "लिही." सर्वेशने कागदावर लिहून दिलं की पाचही ट्रॅक दत्तप्रसाद आणि रसिका तोरसकर यांचे आहेत. सही केली. पेन परत देताना तो पुटपुटला, "माफ कर गो."

"नाय," रसिका म्हणाली.

मग आत्या बोलली. आवाज चढवला नाही. "तुझा तुका मिळाला. माझ्या झिलान चोरी केली, ता मी कोणापासून लपवचंय नाय. पण माझ्या मेलेल्या भावाक तू उठवलंस, ता माझ्या झिलाक मारूक. ता माका विसरूक जमाचा नाय."

ती निघून गेली. रसिका दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तोरसकरांच्या घरात न विसरणारी ती एकटीच नव्हती, हे त्या दिवशी मला कळलं.

नाव बदलायला चार महिने लागले. रसिकाने जुन्या फाइली तारखांसकट पाठवल्या, सर्वेशचा कागद जोडला, पत्रांवर पत्रं लिहिली. आज तुम्ही 'धक्का' शोधलंत तर पहिलं नाव दत्तप्रसाद तोरसकर, वायोलिन. दुसरं तिचं. ऐकणारे आधीपेक्षा कमी आहेत. मध्ये पणजीच्या एका क्लबवाल्याने तिला विचारलं होतं, तो फिरलेला तुकडा लोकांना माहीत आहे, तेव्हा वडिलांचा आवाज घालून नवीन ट्रॅक कर, गाजेल. तिने त्याला ऐकवलं, "बाबांचो आवाज एकदा भायर काढलंय, तो गुन्हो माझो. परत काढूचंय नाय." पण त्याच माणसाने पुढच्या वाक्यात सर्वेशबद्दल चौकशी केली तेव्हा तिने सगळं सांगितलं, तारीखवार, काही न गाळता. सर्वेश आता बांद्याकडच्या हॉलांत लग्नाची गाणी वाजवतो. गोव्याचं एकेक दार बंद झालं. त्यातली निदान दोन रसिकाने स्वतः लावली, हे मला माहीत आहे. ती नाकारतही नाही.

गेल्या महिन्यात सावित्री आत्येचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रसिका पेज आणि फणसाची भाजी घेऊन गेली, मी सोबत होतो. आत्येच्या एका डोळ्यावर पट्टी होती. तिने दुसऱ्या डोळ्याने रसिकाला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. रसिका तासभर खाटेजवळ बसली. सर्वेश औषधं घेऊन आत आला तशी ती उठली, डबा खिडकीत ठेवला आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडली.

परत येताना मी विचारलं, "रसिका, खरा सांग. परत तसाच केलं असतंस?"

समोरून मासळीचा टेंपो गेला, तिने पदर नाकाला लावला.

"केलं असतंय भाई," ती म्हणाली. "फक्त आत्येक त्या दिवशी कुणकेश्वराच्या देवळात धाडून दिलं असतंय."